टेपेचं दुमडलेलं टोक

आमचे आण्णा गॅरेजमध्ये पांढरे कपडे घालून यायचे. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, खिशातला रुमालसुद्धा पांढरा. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या त्या बोळात डावीकडे पंक्चरवाला, उजवीकडे वेल्डिंगवाला, मध्ये आमचं गॅरेज, आणि त्या सगळ्या ग्रीसच्या आणि काजळीच्या राज्यात हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा वावरायचा. संध्याकाळी घरी जाताना शर्ट सकाळी होता तसाच. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "वायरिंगवाला काळा झाला म्हंजे चुकीच्या ठिकाणी हात घालत बसलाय. ज्याला ठाव हाय त्याचं नुसतं बोट मळतंय." आणि उजव्या हाताची तर्जनी पुढे करून दाखवायचे. ती मात्र काळी असायची.

गॅरेज त्यांचं स्वतःचं. काम फक्त वायरिंगचं. इंजिनाच्या आत काय चाललंय याच्याशी आपला संबंध नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. स्वतःकडे चारचाकी नव्हती, सायकल होती. "गाडी घेतली की ती बिघडणार. मग ती करायची कुणी? माझ्याकडं तर नंबर लागलेत," हे त्यांचं कारण.

मी तिथं आले ती ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून आणि शिरोलीच्या एका मोठ्या वर्कशॉपात कंटाळून. तिथं मला गाडीला हात लावू देत नव्हते, गिऱ्हाइकांशी गोड बोलायला बसवलं होतं. आणि गोड बोलणं हे काही आमच्या घराण्यात नाही. आण्णांनी मुलाखत घेतली ती उभ्या उभ्या. मार्क विचारले नाहीत, अनुभव विचारला नाही. म्हणाले, "सोताची चूक सापडली तर काय करतीस?"

"दुरुस्त करतो," मी म्हटलं. आमच्याकडे बायकाही बोलताना 'करतो, जातो'च म्हणतात.

"त्याच्या आधी?"

"आधी काय?"

"आधी बोंबलायचं. मोठ्यानं. मग दुरुस्त करायची. उलटं केलं की माणूस बोंबलायचं इसरतो."

मला वाटलं, माणूस जरा हललेला आहे. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

त्यांचा पहिला नियम गिऱ्हाइकांसाठी होता. गॅरेजच्या दारात भंगारात काढलेल्या एका गाडीचं मागचं सीट टाकलेलं होतं. आलेल्या माणसानं आधी तिथं बसायचं आणि गाडीची हकीकत पहिल्यापासून सांगायची. कुणी आल्या आल्या "सेन्सर गेलाय बघा" किंवा "अल्टरनेटर बदला" म्हणाला की आण्णांचा पारा चढायचा. "पावणं, रोगाचं नाव तुम्ही सांगू नका. कुठं दुखतंय तेवढं सांगा." काही लोक चिडून निघून जायचे. आण्णा त्यांना अडवत नसत. बहुतेक जण पंधरवड्यानं परत यायचे आणि निमूट सीटवर बसायचे.

पेठेत फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की दुपारनंतर गॅरेजचं शटर अर्धं खाली. सामन्यालाही आण्णा पांढऱ्या कपड्यातच. पण ते बॉलकडे बघायचेच नाहीत. एकदा मी शेजारी बसले होते. मैदानाच्या एका टोकाला धुमश्चक्री चाललेली, सगळी गॅलरी उभी राहिलेली, आणि हे दुसऱ्या टोकाच्या गोलकीपरकडे बघत शेंगा खात बसलेले. "त्याच्याकडं काय बघताय, बॉल तिकडं हाय की!" मी ओरडले. "बॉलकडं सगळी बघत्यात," ते म्हणाले. "ह्यो दोन मिनिटं झाली बुटाची लेस बांधतोय. आता बॉल हिकडं आला की गोल." गोल झाला नाही. बॉल बाहेर गेला. पण आण्णांच्या चेहऱ्यावर आपलं काही चुकलंय असं अजिबात दिसलं नाही.

गाडीतले दोष वाचून दाखवणाऱ्या माझ्या स्कॅनरवर मात्र त्यांचा जीव होता. मी तो गाडीला जोडला की ते मला त्यातलं सगळं मोठ्यानं वाचायला लावायचे, सकाळचं वर्तमानपत्र ऐकावं तसं डोळे मिटून ऐकायचे. "खोटं बोलत न्हाय हे यंत्र," म्हणायचे, "पर अर्धंच बोलतंय. उरलेलं आपुन काढायचं." उरलेलं काढायला त्यांच्या गळ्यात एक बल्ब लोंबत असायचा. जुन्या हेडलाइटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एका वायरीच्या टोकाला पिन आणि दुसरीच्या टोकाला चिमटा. मीटर मी वापरायची, बल्ब ते वापरायचे. "मीटर म्हंजे नुसता नळाला कान लावणं. पाणी हाय म्हणून सांगतंय. बल्ब म्हंजे खाली बादली लावणं. किती येतंय ते कळतंय."

आणि जोड. त्यांच्यापाशी खरी परीक्षा जोडाची. तुटलेल्या दोन वायरी एकत्र आणायच्या तर पीळ द्यायचा, वर सोल्डर, म्हणजे वितळलेलं कथील, ओतायचं, मग प्लास्टिकची नळी चढवायची आणि मग काळी टेप. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली तर तो तात्पुरता जोड, आणि 'तात्पुरता' हा शब्द आमच्या गॅरेजात शिवीसारखा होता. माझे पहिले जोड आण्णांनी एक अक्षर न बोलता पकडीनं कापले. गिऱ्हाइकासमोर. मी लाल होऊन विचारायची, "का कापला?" ते म्हणायचे, "तुला म्हाईत हाय." सगळ्यात राग याचा यायचा की मला खरंच माहीत असायचं.

जोड बघून तो कुणाचा हे आण्णा सांगायचे. हा स्टॅंडजवळच्या अमक्याचा, हा उद्यमनगरातल्या तमक्याच्या पोराचा, ह्याला पीळ देताना शिंक आलेली. त्यांचा स्वतःचाही एक शिक्का होता. टेप गुंडाळून झाली की शेवटचं टोक ते नखभर दुमडून ठेवायचे. पुढेमागे कुणाला जोड उघडायची वेळ आली तर त्याला चिकटलेलं टोक शोधत बसायला लागू नये, नखानं धरून ओढलं की सुटावं. "पुढच्या माणसानं शिव्या घालू नयेत," असं ते म्हणायचे. अख्ख्या कोल्हापुरात दुसरं कुणी एवढा विचार करत असेल असं मला वाटत नाही. मीही टोक दुमडायला शिकले ते तिथंच.

आता गुरुजींची गोष्ट सांगते, कारण आण्णा म्हटलं की मला आधी तीच आठवते.

दसरा जवळ आला होता. बिद्रीकडच्या एका गावातले निवृत्त शिक्षक आपली जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती, मागच्या सीटवर धुतलेलं कव्हर. माणूस मृदू बोलणारा. सीटवर बसले आणि नियम माहीत असल्यासारखी पहिल्यापासून हकीकत सांगू लागले. इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. पेट्रोल जास्त खाते. एका गॅरेजनं ऑक्सिजन सेन्सर बदलला, दिवा परत लागला. पुन्हा बदलला, पुन्हा लागला.

"आणि मला आईला घेऊन नागपूरला जायचंय," गुरुजी म्हणाले. "दसऱ्याला, दीक्षाभूमीला. ती लहानपणी वडिलांचा हात धरून गेली होती. आता म्हणते, एकदा शेवटचं दाखव. रेल्वेत तिला बसवत नाही. गाडीत मागं आडवी होऊन येईल. पण ही गाडी वाटेत कुठं बंद पडली तर ह्या वयाच्या बाईला घेऊन मी काय करू? अष्टमीच्या पहाटे निघायचंय."

मग जरा थांबून ते आण्णांना म्हणाले, "तुम्ही मला ओळखलं नाहीत. मागं बिद्रीच्या रस्त्यावर माझी हीच गाडी बंद पडली होती. उंदरानं वायरी कुरतडलेल्या. तुम्ही कुणाच्या तरी जीपमधनं चाललेलात, उतरून जोड देऊन दिलात. पैसेसुद्धा घेतले नाहीत."

आण्णांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. "असंल असंल," म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या खाली, वायरींच्या जुडग्यात, एक टेप गुंडाळलेला जोड दिसत होता. टोक दुमडलेलं.

"व्हय, माझाच की!" आण्णा खूश झाले. "बघ गं. ह्यो सोडून बाकी सगळं बघायचं. तितं माझा हात लागलाय."

मी स्कॅनर जोडला आणि वाचून दाखवलं. हीटरच्या सर्किटात दोष. हा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते ओळखून पेट्रोल कमीजास्त करायला सांगतो. पण गार असताना त्याला काही कळत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर असतो. हीटर तापला नाही की गाडी अंदाजानं पेट्रोल ओतत राहते आणि दिवा लागतो. मी नव्या सेन्सरचा हीटर तपासला, तो उत्तम. फ्यूज उत्तम. सेन्सरचा प्लग काढून हीटरला करंट देणाऱ्या वायरीवर मीटर लावला, पूर्ण बारा व्होल्ट. आधीच्या गॅरेजवाल्यानंही एवढंच बघितलं असणार आणि सेन्सरवर खापर फोडलं असणार.

आण्णांनी गळ्यातला बल्ब काढला. फ्यूजपाशी लावला, लख्ख पेटला. सेन्सरच्या प्लगपाशी लावला, तर नुसता लालसर धुगधुगला. "बघ," ते म्हणाले, "पाणी हाय, पर बादली भरंना. मधी कुठंतरी वायर कुजलीया."

इथवर सगळं सरळ होतं. मधे म्हणजे फ्यूजपासून सेन्सरपर्यंत, हातभर-दोन हात वायर. पण त्या वायरीवर आण्णांचा जोड होता, आणि तो सोडून बघायचं होतं.

त्या दिवशी आम्ही जोड सोडून वर फ्यूजपर्यंत आणि खाली सेन्सरपर्यंतची सगळी वायर उघडली. कापडी वेष्टण सोडलं, गाडीखाली झोपून बघितलं, प्लगच्या पिना घासल्या. काही सापडेना. दुसऱ्या दिवशी आण्णांनी त्या गाडीला आधी हात लावलेल्या प्रत्येक माणसाचा उद्धार सुरू केला. "कुणीतरी आत घाण करून ठेवलीया. सापडू दे, त्याला पेठेत उभा करतो." शेजारचा पंक्चरवाला गमतीनं म्हणाला, "आण्णा, तुमचाच जोड बघा की एकदा." आण्णा ताडकन उठले. गुरुजी समोर बसलेले, वेल्डिंगवाला हातातलं काम थांबवून बघतोय.

"माझ्या जोडात खोट निघाली," आण्णा अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तर त्या दिवसापासनं पक्कड हातात धरणार न्हाय!"

पंक्चरवाल्यानं ट्यूब परत पाण्यात बुडवली. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. अष्टमी उद्यावर आली होती.

दुपारी आण्णा गुरुजींना घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेले. मी एकटी गाडीपाशी. खरं सांगते, मला आण्णांना खोटं पाडायचं नव्हतं. पण वायर सगळी बघून झाली होती, आणि एका म्हाताऱ्या बाईचं नागपूर राहिलं असतं. त्यांचा बल्ब बॉनेटवर पडला होता. मी पिन जोडाच्या अलीकडे टोचली. लख्ख. पलीकडे टोचली. धुगधुग.

मी दोन्हीकडं परत टोचून बघितलं. तेच.

टपरी समोरच होती. आण्णांची माझ्याकडे पाठ. तो जोड कापून दुसरा द्यायला मला चहा संपायच्या आत जमलं असतं. कुणाला कळलं नसतं, आण्णांची पक्कड राहिली असती, गुरुजींची गाडी गेली असती. असा विचार माझ्या मनात आला आणि तो चांगला मोठाही झाला. पण मला ज्या प्रश्नावर कामावर घेतलं होतं तो प्रश्नही तिथंच उभा होता. आणि शिवाय मला आण्णा आवडायचे. ज्या माणसावर आपला जीव आहे त्याला आपण लपवून वाचवायचं म्हणजे त्याला लहान करायचं, असं मला वाटलं.

"आण्णा!" मी हाक मारली. "हिकडं या."

ते आले. माझ्या हातातला बल्ब घेतला. अलीकडे टोचला, पलीकडे टोचला, परत अलीकडे. मग दुमडलेलं टोक नखानं धरून त्यांनी टेप सोडवली. झटक्यात सुटली, अगदी त्यांनी योजली होती तशी. आत सोल्डर नव्हतं. नुसता पीळ. तांब्याची हिरवी पूड झाली होती आणि चार-दोन तारा कशाबशा धरून होत्या.

मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. आण्णा बोळात गेले आणि दोन्ही हात वर करून बोंबलले.

"या रं सगळी! बघायला या! आण्णाचा जोड कुजलाय! तात्पुरता दिलता, तात्पुरता!"

लोक खरंच जमले. टपरीवाला किटली घेऊन आला. आण्णा एकेकाला वाकायला लावून तो हिरवा जोड दाखवत होते. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "अहो, असं काय करताय?" ते म्हणाले. "त्या दिवशी तुमच्याजवळ रस्त्यावर सोल्डर कुठलं असणार? तुम्ही म्हणाला होतात, पेठेत या, पक्का करून देतो. मीच आलो नाही. गाडी चालत होती म्हणून विसरलो. चूक माझी आहे."

"गुरुजी, टेप कुणी गुंडाळली?"

"तुम्ही."

"टोक कुणी दुमडलं?"

"तुम्हीच."

"मग झालं की."

त्यांनी पकडीनं तो जोड दोन्ही बाजूंनी कापून बाहेर काढला, खिशातल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळला आणि पक्कड माझ्यापुढे धरली. "धर. गुरुजींची गाडी तू कर."

"आण्णा, तुम्ही ते रागानं बोललेला. चेष्टेत..."

"मी चेष्टेत पक्कड कधी धरली न्हाय. धर म्हणतो न्हवं."

पंक्चरवाल्यानं हात जोडले, वेल्डिंगवाल्यानं शपथ घातली. आण्णा ऐकेनात. मी पक्कड घेतली. तिच्या मुठी त्यांच्या हातानं गुळगुळीत झालेल्या होत्या. नवा तुकडा मधे घातला, पीळ दिला, सोल्डर ओतलं, नळ्या चढवल्या, टेप गुंडाळली, टोकं दुमडली. आण्णा पाठीमागे उभे होते. एरवी एवढ्यात त्यांची पक्कड पुढे आली असती. सेन्सरच्या प्लगपाशी बल्ब लावला, तो लख्ख पेटला. गाडी गार झाल्यावर परत सुरू केली. पिवळा दिवा लागला नाही.

गुरुजींचा दसऱ्याच्या दिवशी नागपुरातून फोन आला. मागं एवढी गर्दी की त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. मग त्यांच्या आई फोनवर आल्या आणि आण्णांना म्हणाल्या, "पोचले बघ, बाळा." आण्णांनी फोन माझ्याकडे दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर कशालाही हात लावायचा नाही. मी पाटावर पान्हे, स्क्रूड्रायव्हर, मीटर, स्कॅनर मांडला. आण्णांनी पक्कड मधोमध ठेवली. मग रुमाल सोडला आणि तो हिरवा जोड पकडीशेजारी ठेवून त्यालाही कुंकू लावलं. मी विचारलं, "हे कशाला?" ते म्हणाले, "हत्यारच हाय की ते बी."

त्यानंतर आण्णांनी खरंच पक्कड धरली नाही. कुणाला वाटलं असेल की ते खचले, तर तसं काही झालं नाही. तेच पांढरे कपडे, तोच आवाज, तेच "रोगाचं नाव तुम्ही सांगू नका". गळ्यात बल्ब घालून सीटवर बसायचे, दोष शोधायचे ते, हात चालवायची मी. उलट आता त्यांच्याकडे एक नवीन गोष्ट आली होती. नव्या गिऱ्हाइकालाही ते बळंच सांगायचे, "माझा एक जोड कुजलता. दाखवू?" आणि दाखवायचे.

बदल एकाच गोष्टीत झाला. माझा एखादा जोड त्यांना पटला नाही की सवयीनं त्यांचा हात पुढे यायचा, मोकळाच. तो ते क्षणभर तसाच धरून ठेवायचे, मग मागे घ्यायचे आणि म्हणायचे, "तूच काप."

त्यांनी कापलेला जोड मी चरफडत परत द्यायची. स्वतःचा जोड स्वतः कापायला लागल्यावर चरफडायचं कुणावर हेच कळेना. पहिल्यांदा तर मी पक्कड हातात धरून बराच वेळ उभी राहिले होते. आण्णा तोवर दुसरीकडे बघत बसले. घाई त्यांनी कधीच केली नाही.

आण्णा जाऊन आता काही काळ झाला. गॅरेज मी चालवते. मी पांढरे कपडे घालत नाही, मला ते जमणारही नाही. सीट आहे, बल्ब आहे, खंडेनवमीला तो हिरवा जोड अजून पाटावर असतो. त्यांची आठवण येते तेव्हा मला वाईट वाटतं, पण केविलवाणं वाटत नाही. तो माणूसच तसा नव्हता.

परवाचीच गोष्ट. एक पावणा आला, गाडी दारातच आडवी लावलेली, इंजिन सुरू, सीटवर बसायला तयार नाही. मागच्या दिव्याची वायर तुटलेली. "ताई, तात्पुरता जोड द्या. पीळ मारा नि टेप गुंडाळा. उद्या सकाळी येतो, मग काय ते पक्कं करा." पाठीमागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, बोळ अडलेला. मी पीळ दिला, टेप गुंडाळली, दिवा पेटला. हाताच्या सवयीनं टोकसुद्धा दुमडलं.

मग पक्कड घेतली आणि कापला.

"अवो, काय केलासा!" पावणा ओरडला. "चांगला होता की!"

"चांगलाच होता," मी म्हटलं. "पर उद्या तुम्ही येणार न्हाय. इंजिन बंद करा आनि बसा."